मोर कुणाच्या हद्दीत

आमच्या घरमालकांचं आधार कार्ड मी लपवलं होतं.

हे एक वाक्य लिहायला मला तीन वर्षं लागली. तोंडानं ते मी सांगितलं आहे, पहिल्यांदा तर जिन्यात उभं राहून, अर्धं गिळत. पण घरमालकांच्या मते तोंडी जबाबाला किंमत नसते. म्हणून आता लेखी देतो. आणि लेखी द्यायचं तर माणूस कसा आहे तेही लिहिणं आलं, कारण त्यांना न ओळखणाऱ्याला माझा गुन्हा फारच किरकोळ वाटेल.

काका, म्हणजे आमचे घरमालक, सरकारी मोजणीदार होते. दोन भावांत बांधावरून जुंपली, की साखळी घेऊन जायचं, जुना नकाशा पसरायचा आणि हद्द कुठून जाते ते सांगायचं. उभ्या नोकरीत त्यांनी जिल्ह्यातल्या बांधाबांधांवर शिव्या खाल्ल्या. निवृत्त झाले तरी मोजणी सुटली नाही. मी बायकोला घेऊन जागा बघायला गेलो तेव्हा म्हणाले, "खोली दहा बाय अकरा फूट तीन इंच हाये. लोकं बाय बारा सांगतात. वरचे नऊ इंच कुठून आणतात, काय म्हाईत." त्या तीन इंचांवर विश्वास ठेवून आम्ही वरचा मजला घेतला. दुसऱ्याच दिवशी अंगणात त्यांची सायकल आणि माझी स्कूटर यांच्या मधोमध खडूची रेघ उमटली. चाक रेघेवर गेलं की खालून हाक यायची, "बियाणेवाले, अतिक्रमण झालं बरं का."

बियाणेवाले म्हणजे मी. एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत उगवण तपासतो. ओल्या कागदाच्या गुंडाळीत शंभर दाणे ठेवायचे, आणि दिवस भरले की किती उगवले ते बघायचं. बोलण्याचं काम नाही, म्हणून मला ते मानवलं. काका मला म्हणत, "तुमचं बरंय. दाणा खोटं बोलत न्हाई. आमच्या बांधावर सगळेच बोलायचे."

वाद मिटवताना त्यांचा शब्द एकच, "हद्द कायम." हा त्यांच्या खात्यातला शब्द. आमटीत मीठ कमी आहे की बरोबर यावर काकूंशी बोलाचाली झाली, तर ते पुन्हा एक भुरका घेत आणि निकाल देत, "कमी हाये. हद्द कायम." काकू म्हणत, "ह्यांच्या नकाशात मीठसुदिक हाये."

कागदावर काकांचा जन्म एक जूनचा. त्यांच्या वयाचे निम्मे लोक एक जूनलाच जन्मले आहेत. शाळेत नाव घालणाऱ्या मास्तरांना ती तारीख सोयीची पडे. त्यांच्या आईच्या सांगण्याप्रमाणे ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला झाले, आणि तेही दोन वर्षांनंतर. मास्तरांनी वय वाढवून लावलं म्हणून काका दोन वर्षं आधीच घरी बसले. तो राग त्यांनी जपून ठेवला होता.

घरी बसल्यावर त्यांनी मन रमवायचे प्रयत्न केले नाहीत असं नाही. सकाळच्या हास्यक्लबात तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी म्हणाले, "समदे एकदमच हसून राह्यले. विचारलं काय झालं, तर म्हणे काही न्हाई." मग आमच्या भागातल्या बागेत फिरायला जाऊ लागले. तिथं पाटीवर चालण्याच्या वाटेची लांबी लिहिली होती. काकांनी ती पावलांनी मोजली, मग टेपनं मोजली, आणि पाटीपेक्षा वाट कमी भरते हे रोज फिरणाऱ्या मंडळींना उभं करून सांगितलं. ज्यांनी वर्षानुवर्षं त्या पाटीच्या भरवशावर स्वतःला तंदुरुस्त मानलं होतं, ते दुखावले. काकांशी तिथं कुणी बोलेना. मग ते अंगणात खुर्ची टाकून भिंतीकडे बघत बसू लागले.

आणि मग पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट झाली, वयासाठी आधार कार्ड दाखवलं की पुरे. कागदोपत्री काका बरोबर त्यात बसले. "मास्तरनं दोन वर्षं नेल्ती," ते म्हणाले, "आता वापस घेऊन राह्यलो."

रोज सकाळी जेवून, खांद्याला पिशवी अडकवून ते जालन्याच्या स्टँडवर जात. कधी मंठा, कधी जाफराबाद, कधी अंबड. तिथं उतरायचं, चहा प्यायचा, परत यायचं. काम काही नाही. मी एकदा विचारलं, तिकीट काढूनसुद्धा जाल का? त्यांना प्रश्न आवडला नाही. "तिकीट काढलं की ते काम झालं. फुकट गेलं की फिरणं. मला कामाला बिलकुल जायचं न्हाई आता."

अशाच एका गाडीत त्यांना शेटजी भेटले. शेटजी आमच्याच गावातल्या मस्तगड भागातले, कापडवाले. दुकान आता मुलांनी हातात घेतलेलं. घराणं राजस्थानातून येऊन इतक्या पिढ्या झाल्या, की शेटजी देवाशी मारवाडीत बोलतात, बायकोशी हिंदीत, आणि भांडतात मराठीत. दोघांनाही खिडकी हवी होती, तीही एकच. काकांनी निवाडा केला. "रस्त्याची डावी बाजू माझी, उजवी तुमची. आपापल्या हद्दीत बघायचं." यातून खेळ निघाला.

आपल्या बाजूला बैलगाडी दिसली तर एक गुण. घोड्याला पाच. मेंढपाळांचा उंट दिसला तर सात, शेटजी दुप्पट मागत, "आमचे गाववाले आहेत." नवरदेव दिसला तर दहा. मोराला पंचवीस. ट्रॅक्टरला शून्य, कारण काका म्हणत, "ट्रॅक्टरला आपण बघत न्हाई, त्योच आपल्याला बघतो." गुण कागदावर लिहायचे नाहीत. दोघांनी दोघांचेही डोक्यात ठेवायचे, आणि जालन्यात उतरताना दोघांचे आकडे जुळले पाहिजेत. जुळले नाहीत तर दिवस बाद.

मधल्या वाटेवरून दोघांची ओरड चाले. "ते घोडं न्हाई मोजणीसाब, खेचर हाय." "खेचराचा बाप घोडाच असतो का न्हाई? निम्मे गुण घेतो." गाडीतली इतर माणसंही माना वळवू लागली. एका आजीबाईंनी म्हणे काकांच्या बाजूला बसून गुपचूप शेटजींना दोन बैलगाड्या दाखवल्या.

चार महिन्यांनी काका डॉक्टरांकडे नेहमीच्या तपासणीला गेले. साखर उतरली होती, रक्तदाब जाग्यावर होता, आखडलेली मान दोन्हीकडे वळत होती. डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारलं, "व्यायाम काय करता, काका?"

"उंट बघतो," काका म्हणाले.

डॉक्टरांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी मान डोलावली. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं: चालू ठेवा.

आता मोराबद्दल. जाफराबादच्या रस्त्याला एका वळणावर बांधावर मोर उभा होता. बस वळत होती. काकांच्या मते मोर डावीकडे होता. शेटजींच्या मते गाडी सरळ झाली तेव्हा तो उजवीकडे आला. "मोर जाग्यावरच व्हता," काका म्हणाले, "गाडी फिरली. गाडी फिरल्यानं हद्द फिरत न्हाई." शेटजी म्हणाले, "आपण गाडीत बसलो होतो मोजणीसाब, बांधावर न्हाई." दुसऱ्या दिवशी दोघं त्या वळणावर उतरले, काकांनी पावलं टाकली, वहीच्या पानावर नकाशा काढला. मोर साक्षीला आला नाही. वाद राहिला.

आणि त्या वादाचा पंच मी. दिवसभर मोड मोजून मी सहाला घरी यायचो. बूट काढायच्या आत हाक, "बियाणेवाले, या जरा." मग तासभर, कधी सव्वा तास, आख्खा रस्ता. कुठल्या मैलाला काय दिसलं, शेटजी काय बोलले, त्यावर काका काय बोलले, आणि शेवटी मोर. वहीचं पान समोर. "आता तुम्ही सांगा." मी म्हणायचो, दोघांचंही बरोबर वाटतंय. काका हताश होत. "असा पंच बांधावर असता, तर दोन्हीकडून मार खाल्ला असता."

मी आयुष्यात कुणाला 'नाही' म्हणालेलो नाही. लोक याला स्वभाव म्हणतात. तो भित्रेपणा आहे हे मला बरंच आधी कळलं होतं, पण तेही मी कुणाला सांगितलं नाही.

मग एक दिवस काका मंठ्याच्या स्टँडवर स्वतःच्याच चपलेत पाय अडकून पडले. गुडघा खरचटला, बाकी काही नाही. पुण्याहून त्यांच्या मुलाचा मला फोन आला. "दादा, बाबांना थांबवा कसंही करून. मी इतक्या लांबून काय करू? उद्या हाड मोडलं तर?" मी म्हणालो, बघतो. दुसऱ्या दिवशी कामावर निघताना जिन्यातल्या खिळ्याला काकांची पिशवी होती. बाहेरच्या कप्प्यात प्लास्टिकच्या पाकिटातलं कार्ड. मी ते काढलं आणि खिशात टाकलं.

मुलानं सांगितलं म्हणून, काकांच्या गुडघ्याच्या काळजीनं, असं मी स्वतःला सांगितलं. ते निम्मं खरं होतं. कार्ड खिशात टाकताना माझ्या मनात आलेला पहिला विचार हा होता, की आज संध्याकाळी आपल्याला निवांत चहा मिळेल.

घरात ठेवायची हिंमत नव्हती. प्रयोगशाळेत प्रत्येक मालाचा एक नमुना पाकिटात बंद करून कपाटात राखून ठेवतात. तसंच एक पाकीट घेतलं, कार्ड आत घातलं, चिकटवलं, आणि वर काहीतरी खोटं नाव टाकून जुन्या नमुन्यांत सरकवलं. सराईत चोर निदान जागा लक्षात ठेवतो. मी ठेवली नाही.

इकडे घरात शोध सुरू झाला. काकांनी घराचा नकाशा काढला, त्याचे चौकोन पाडले, आणि एकेक चौकोन तपासून त्यावर खूण केली. कार्ड मिळेना. नवीन काढायला केंद्रावर गेले तर यंत्र बोटांचे ठसे घेईना. "आख्खी जिंदगी साखळी ओढली," काका मला बोटं दाखवत म्हणाले, "रेघा घासून गेल्या." दुसरा मार्ग ओटीपीचा. तो मुलाच्या मोबाइलवर जायचा. मुलगा दर वेळी सांगे, "आलाच नाही बाबा." तो का येत नाही हे मला माहीत होतं. मी समोर बसून यंत्रणेला नावं ठेवली.

मग संशय शेटजींवर गेला. काका खिडकीत गुंतलेले असत म्हणून कंडक्टरला दोघांची कार्डं शेटजीच दाखवत, त्यांच्या बंडीच्या खिशातून. शेवटच्या दिवशीही त्यांनीच दाखवलं होतं. "परत दिल्याचं मला आठवत न्हाई," काका म्हणाले. "मोर भेटंना म्हणून कार्ड दाबलं." शेटजी विचारपूस करायला आले तेव्हा हे त्यांच्या तोंडावर बोलले. शेटजींनी चहाचा कप खाली ठेवला आणि ते निघून गेले.

मी जिन्यात उभा होतो. तेव्हा बोलायला हवं होतं.

काका पुन्हा खुर्चीत बसले. पहिले काही दिवस मला बरंच वाटलं. सहाचा चहा गरम मिळाला. मग खालून हाक न येण्याचाच आवाज येऊ लागला. मान पुन्हा आखडली. सकाळी दहालाच डोळा लागू लागला. काकूंना त्यांच्या बहिणीच्या नावानं हाक मारली, काकू हसण्यावारी नेत म्हणाल्या, "चला, निदान माहेरचं तरी नाव घेतलं." डॉक्टरांनी एक गोळी वाढवली, मग आणखी एक. खडूची रेघ पावसानं पुसली, ती कुणी आखली नाही. मी मुद्दाम स्कूटर सायकलीला टेकवून उभी केली. काकांनी पाहिलं आणि काही म्हणाले नाहीत. त्या दिवशी मी घाबरलो.

त्याच आठवड्यात शेटजी माझ्या कंपनीच्या फाटकावर आले.

"भाऊसाब, पन्नास बरस कापड मोजलं. गिऱ्हाइकाला एक इंच कमी दिला न्हाई. आणि हा माणूस मला म्हणतो, कार्ड दाबलं."

"तुम्ही जाता का बसनं?" मी विचारलं.

"गेलो एक रोज. दोन्ही साइड माझ्या. नवरदेव दिसला, उंट दिसले. मजा न्हाई. खेचर म्हणायला समोर कुणी पाहिजे ना."

ते गेल्यावर मी नमुन्यांचं कपाट उघडलं. पाकिटावर भेंडी लिहिलं होतं की दोडका, ते आठवेना. भेंडीचे नमुने शेकड्यांनी होते. रोज जेवणाच्या सुट्टीत एकेक पाकीट चाचपत होतो. साहेबांनी विचारलं, काय शोधताय? मी म्हणालो, जुन्या मालाची उगवण बघावी म्हणतो. साहेब खूश झाले. सहाव्या दिवशी कार्ड सापडलं. पाकिटावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: कारलं.

तेव्हा तरी खरं सांगावं की नाही? मी काय केलं, तर काकू मंदिरात गेलेल्या पाहून देव्हाऱ्याखालच्या कागदाखाली ते सरकवलं. संध्याकाळी काकूंना मिळालं. घरात आनंद होईल अशी माझी कल्पना होती.

काकांनी कार्ड हातात घेतलं नाही. आधी नकाशा मागवला.

"हा चौकोन तपासलेला हाये," ते म्हणाले. "खूण हाये. कागद उचलून बघितल्ता. कार्ड इथं नव्हतं." कित्येक दिवसांनी त्यांचा आवाज जुना आला होता. "खुणेचा दगड आपोआप सरकत न्हाई. कुणीतरी आणून ठेवलं. घरात कोण आल्तं?"

काकू म्हणाल्या, "शेटजींची सून आल्ती परवा, पापड द्यायला."

"झालं. सुनेच्या हातून वापस धाडलं. म्हणजे नेलं शेटजीनंच." ते ताठ बसले. "अशा माणसासंगं एका गाडीत बसणार न्हाई. ठेवून द्या ते कार्ड."

म्हणजे कार्ड परत आलं आणि बस कायमची गेली. त्यात पापड देणाऱ्या त्या बिचारीच्या माथ्यावरही आळ आला. मी दोन पायऱ्या चढलो होतो. तिथंच थांबलो.

"काका, दगड मी सरकवला."

त्यांनी मान वळवून पाहायचा प्रयत्न केला. मान वळेना, म्हणून आख्खी खुर्ची फिरवली.

"किती दिवस व्हतं तुमच्याकडं?"

"एकोणचाळीस."

"चाळीस. नेलेला दिवस धरायचा." मग म्हणाले, "का?"

"तुमच्या मुलाचा फोन..."

"त्याचं सोडा, त्याला मी बघतो. तुमचं सांगा."

मी कठडा धरला. "रोज संध्याकाळी तासभर ऐकावं लागायचं. कंटाळा आला होता मला."

काकू आत गेल्या. काका बराच वेळ अंगणाकडे, सायकलीला टेकलेल्या माझ्या स्कूटरकडे बघत राहिले. मला वाटलं, आता जागा खाली करायला सांगतील. मी तयारही होतो.

"मंग तोंड नव्हतं का?" ते म्हणाले. "अर्धा तास करा म्हणायचं. केला असता." आणि उठले. "चपला घाला. मस्तगडला जायचं. आणि हा तोंडी जबाब झाला. याला किंमत न्हाई. लेखी द्यावा लागंल. सगळं, बराबर."

शेटजी दुकानाच्या पायरीवर बसले होते. मी त्यांच्यासमोर पुन्हा सगळं सांगितलं. शेटजींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही; ते काकांकडे बघत होते. काका उभेच होते. माफी मागायची सवय नसलेला माणूस कुठून सुरुवात करावी हे शोधतो, तसं त्यांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहून घेतलं.

"शेटजी," ते म्हणाले, "मोर तुमचा."

शेटजी उठले. मग आत वळून सुनेला हाक मारली, "दोन चहा. आणि एक ह्या भाऊसाबला, बिनसाखरेचा."

काकांनी उभ्या आयुष्यात सोडलेली ती एकच हद्द.

पुढचं सरळ आहे. गोळ्या एकेक करून उतरल्या, मान सावकाश वळू लागली, खडूची रेघ परत आली, माझ्या बाजूला चार बोटं सरकून. संध्याकाळचा अहवाल अर्ध्या तासाचा झाला. काका घड्याळ लावून बोलतात, आणि अर्ध्या तासानं वाक्य तोडून उठतात. मी पुढं काय झालं विचारलं तर म्हणतात, "उद्या." आणि अहवालाच्या शेवटी रोज न चुकता, "जबाबाचं कुठवर आलं?" तीन वर्षं मी म्हणत आलो, लिहितोय.

मागच्या महिन्यात काकांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. हिरवी पट्टी लावून खुर्चीत बसले होते. म्हणाले, "बियाणेवाले, माझी उगवण आता किती टक्के धरायची? जल्दी लिहा. मला स्वतः वाचायचंय." मी वर आलो आणि पहिलं वाक्य लिहिलं.

वरचा मजकूर मी परवा मंठ्याच्या गाडीत दोघांना वाचून दाखवला. काका डावीकडे, शेटजी उजवीकडे, आणि मी मधल्या वाटेत, दांडा धरून. सुनेवर आळ आला त्या ठिकाणी शेटजी हसले. एकोणचाळीस-चाळीसशी काकांनी मान डोलावली. मोराशी आल्यावर म्हणाले, "तेवढं खोडा. ते मी दबावाखाली बोललो."

"बिलकुल खोडायचं न्हाई," शेटजी म्हणाले. "दुकानाच्या पायरीवर दिला मोर. साक्षीदार हाय."

"साक्षीदार चोर हाये."

"पण लेखी चोर हाय ना आता. लेखीला किंमत असते, तुम्हीच म्हणता."

दोघंही खिडक्यांकडे पाठ करून माझ्या अंगावरून भांडू लागले. मागच्या सीटवरच्या एका बाईंनी पोराचं तोंड पुसता पुसता मोर शेटजींना देऊन टाकला. काका त्यांच्याशीही भांडले. तेवढ्यात बाहेरून एक नवरदेव गेला. फेटा, मुंडावळ्या, घोडा, सगळं साग्रसंगीत. नवरदेवाचे दहा, घोड्याचे पाच. भांडणाच्या नादात दोघांनीही तो पाहिला नाही. मी पाहिला.

मी काही बोललो नाही. जुनी खोड. पण आता सगळं लेखी द्यायचं ठरलंच आहे, म्हणून हा शेवटचा भाग घरी येऊन जोडला आहे. नवरदेव होता. कुठल्या बाजूनं गेला, ते दोघांनी विचारल्याशिवाय सांगणार नाही. उद्या संध्याकाळी सहाला मी खाली येतो. अर्धा तास पुरणार नाही, हे मला माहीत आहे.